पाच हुकांचा हिशेब

लग्नसराईचे दिवस होते. भर दुपारी आमच्या कापडाच्या दुकानात एक प्रौढ बाई आल्या. पिशवीतून त्यांनी एक तयार ब्लाऊज काढला आणि गल्ल्याशेजारच्या फळीवर ठेवला. त्याच्या पाच हुकांपैकी दोन जागेवर नव्हते. तिसरा एका दोऱ्याला लोंबत होता. "मुलीच्या हळदीला घातला होता," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पैसेही परत मागितले नाहीत. वडिलांनी न मागता पैसे परत केले, वर दुसरा ब्लाऊज दिला. त्या बाईंनी पैसे घेतले, ब्लाऊज मात्र घेतला नाही. त्यानंतर त्या आमच्या दुकानाची पायरी चढल्याचे मला आठवत नाही.

ही गोष्ट १९९० च्या सुमाराची. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी नुकताच दुकानात बसू लागलो होतो. त्या लोंबत्या हुकाचा दोष कोणाचा, हे त्या वेळी दुकानात उभ्या असलेल्या सर्वांना ठाऊक होते, आणि मलाही होते. दोष माझा होता.

आमच्याकडे तयार ब्लाऊजांची शिलाई यंत्रावर होई. पण हुक लावणे, दोऱ्याची घरे घालणे, काज-बटण करणे ही कामे मागच्या गल्लीतील सात-आठ स्त्रिया घरी नेऊन करीत. सकाळी गाठोडे जाई, तिसऱ्या दिवशी परत येई. एका ब्लाऊजचे पाच हुक आणि पाच घरे यांना आम्ही पन्नास पैसे देत होतो, सुई-दोरा त्यांचा. सराईच्या तोंडावर त्यांनी पंचाहत्तर पैसे मागितले. नव्या उत्साहात मी उत्तर दिले, "हुक लावणे हे काय काम आहे? गप्पा मारता मारता होते." त्यातील सर्वांत वडीलधाऱ्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं भाऊ," आणि रिकाम्या हाताने परत गेल्या. मी चाळीस पैशांत काम करून देणारा एक मध्यस्थ शोधला आणि त्या रात्री वहीत बचतीचा आकडा मोठ्या समाधानाने मांडला. फळीवर आलेला तो ब्लाऊज त्याच मालातला होता. पंधरा दिवसांत साठांपैकी अकरा ब्लाऊज परत आले.

आजीने दिलेली सुई

त्या दिवशी आजीने मला घरात बोलावले. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला अजून अवकाश होता. तिने माझ्यासमोर एक बिनहुकाचा ब्लाऊज, हुकांची पुडी, सुई आणि रीळ ठेवले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "बाळ, दर ठरवायचा तर एक नग तरी हाताने करून बघ."

पहिला धडा दोऱ्याचा होता. मी भला मोठा दोरा ओढला. तिने तो बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतच्या मापाने कापला. लांब दोरा गुंततो, पिळतो आणि कापडातून पुन्हापुन्हा ओढला जाऊन शेवटी झिजतो. दोरा गुळगुळीत राहावा म्हणून पुष्कळ शिंपी तो मधमाशीच्या मेणावरून ओढून घेतात. आमच्या घरी ते मेण वापरत नसत, म्हणून आजी साध्या मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोरा ओढी आणि दोन बोटांत चोळून त्यावरचा जादा थर काढी. काम तसेच होते.

दुसरा धडा हुकाचा. हुकाला मागे दोन गोल कड्या असतात आणि पुढे वाकवलेली चोच. परत आलेल्या मालात दोरा एकेरी होता आणि तोही एकाच कडीतून दोनदा फिरवलेला होता. असा हुक पहिल्या ताणालाच तिरका होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात निघतो. योग्य रीत अशी: हुकाचे टोक पट्टीच्या कडेपासून साधारण दोन मिलिमीटर आत ठेवायचे, म्हणजे बंद केल्यावर धातू बाहेर डोकावत नाही. प्रत्येक कडीभोवती पाच-सहा काजटाके घालायचे. मग सुई कापडाच्या दोन थरांमधून सरकवून चोचीखाली काढायची आणि हुकाची मान दोन-तीन टाक्यांनी कापडाला बांधायची. हा मानेचा टाकाच हुक आडवा पडू देत नाही, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. सर्व टाके पट्टीच्या आतल्या थरातच घ्यायचे. उजव्या बाजूला एकही दिसता कामा नये.

समोरच्या पट्टीवर दोऱ्याचे घर. हुकाच्या रुंदीएवढे तीन-चार धागे आधी आडवे घालायचे आणि त्यांवर एकाला एक लागून काजटाके विणत जायचे. घर सैल झाले तर दोन पट्ट्यांत फट पडते. घट्ट झाले तर हुक त्यात शिरत नाही. मी पहिले घर घातले, ते आजीने उसवले. दुसरेही उसवले. तिसरे ठेवले.

पाच हुक आणि पाच घरे पूर्ण झाली तेव्हा माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला तीन ठिकाणी सुई टोचली होती, मान आखडली होती आणि घड्याळात बेचाळीस मिनिटे गेली होती. आजी म्हणाली, "त्यांना बारा लागतात. आता वही काढ."

बारा मिनिटांना एक, म्हणजे तासाला पाच ब्लाऊज. पन्नास पैशांप्रमाणे तासाचे अडीच रुपये. स्वयंपाक, पाणी, मुले सांभाळून कोणा स्त्रीला दिवसाचे चार तास मिळाले तर दहा रुपये, आणि त्यातून दोरा वजा. माझ्या बचतीच्या आकड्याच्या खाली मी हे आकडे मांडले. त्याच्याही खाली अकरा ब्लाऊजांचे परत दिलेले पैसे मांडले. ते पान अजून माझ्याजवळ आहे.

बंदापासून टिचबटणापर्यंत

त्या संध्याकाळनंतर या इवल्याशा वस्तूंविषयी मला कुतूहल वाटू लागले. आपल्या जुन्या पोशाखात त्यांची फारशी गरजच नव्हती. धोतर, साडी, उपरणे ही वस्त्रे नेसण्याची, गुंडाळण्याची. शिवलेला अंगरखा असला तरी तो बंदांनी बांधला जाई. बाराबंदीच्या नावातच तिचे बंद आहेत. आजही सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेले भक्त दिसतात. छिद्रे पाडलेल्या शिंपल्याच्या बटणासारख्या वस्तू सिंधू संस्कृतीच्या अवशेषांत सापडल्या आहेत. पण त्या बहुधा शोभेच्या. काजात अडकवून वस्त्र बंद करणारे बटण घरोघरी पोचले ते सदरा, कोट आणि गणवेश यांच्याबरोबर, फार पुढच्या काळात.

टिचबटण तर त्याहून तरुण. दाबून बंद होणाऱ्या बटणाचे पेटंट जर्मनीतील हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ मध्ये घेतले. ते पुरुषांच्या विजारीसाठी होते. पुढे १९०३ मध्ये हान्स प्रिम यांनी त्यात लहानशी स्प्रिंग बसवून त्याची पकड सुधारली. त्याच काळात प्राग शहरातील वाल्डेस यांच्या कारखान्याने आपल्या टिचबटणांना आपल्याकडील प्रसिद्ध हिऱ्याचे, कोहिनूरचे नाव दिले होते. दोन पैशांच्या वस्तूला हिऱ्याचे नाव देणाऱ्या त्या व्यापाऱ्याला तिचे मोल चांगले कळले असावे.

यंत्रांनी पुढे बटण बनवणे आणि लावणे दोन्ही सोपे केले. तरीही साडीवरच्या ब्लाऊजचा हुक, झबल्याचे टिचबटण आणि चांगल्या कोटाचे बटण ही कामे आजही पुष्कळ ठिकाणी हातानेच होतात. म्हणून ती कशी करावीत, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे, मुलांनाही.

नवे बटण लवकर का गळते?

नव्या कोऱ्या सदऱ्याचे बटण महिन्याभरात निघते, हा अनेकांचा अनुभव. त्याचे कारण बहुधा धाग्याच्या कमजोरीत नसून टाक्याच्या जातीत असते. कारखान्यात बटण लावणारी अनेक यंत्रे एकाच धाग्याचा साखळीटाका घालतात. साखळीचे शेवटचे टोक मोकळे झाले आणि ओढले गेले की सारा टाका सरसर उसवतो. म्हणून नवा सदरा आणल्यावर त्याची बटणे उलट्या बाजूने पाहावीत. सुटे टोक दिसले तर ते न ओढता सुईत ओवून दोन बारीक टाक्यांनी पक्के करावे. दुकानदारांनी हे मालाच्या तपासणीतच करून घेतले तर उत्तम.

हाताने बटण लावताना विसरू नये अशी गोष्ट म्हणजे देठ. फुलाला जसा देठ, तसा बटणाला दोऱ्याचा देठ हवा. कारण बटण लावल्यावर त्याच्याखाली काजाच्या पट्टीची जाडी मावायची असते. बटण कापडाला चिकटवून शिवले तर काज सुरकुततो, कापड ताणले जाते आणि शेवटी बटणासह कापडाचा तुकडा फाटून येतो. यासाठी बटणावर, छिद्रांच्या मध्ये, एक आगकाडी आडवी ठेवावी आणि तिच्यावरून टाके घ्यावेत. दुहेरी दोऱ्याचे प्रत्येक जोडीत तीन टाके पुरतात. मग काडी काढून बटण वर ओढावे, सुई बटण आणि कापड यांच्यामध्ये आणावी, दोऱ्याला चार-पाच वेढे घट्ट द्यावेत आणि सुई मागे नेऊन दोन टाक्यांनी बंद करावी. सदऱ्याला हा देठ अगदी आखूड पुरतो. जाड कोटाला लांब लागतो. लोकरीच्या कोटाला आतल्या बाजूने एक लहान सपाट बटण आधाराला शिवले तर ताण त्या बटणावर जातो, कापडावर नाही.

चार छिद्रांच्या बटणाच्या दोन जोड्या वेगवेगळ्या बांधाव्यात. म्हणजे एक तुटली तरी दुसरी बटण धरून ठेवते.

बटणाचे माप व्यापारात 'लाईन'मध्ये मोजतात. चाळीस लाईन म्हणजे एक इंच. सदऱ्याच्या पुढच्या बाजूला साधारण १८ लाईनचे बटण येते. काजाची लांबी बटणाच्या व्यासात त्याची जाडी मिळवून धरावी. फुगीर बटणाला चपट्या बटणाच्या मापाचे काज केले की रोजची ओढाताण ठरलेली.

टिचबटणाचे दोन भाग: एकाला मध्ये गाठ, दुसऱ्याला खळगा. गाठीचा भाग वरच्या पट्टीच्या आतून लावावा, खळग्याचा खालच्या पट्टीवर. आधी गाठ शिवावी, तिला खडू लावावा आणि समोरच्या पट्टीवर दाबावे. उमटलेल्या ठिपक्यावर खळग्याचे केंद्र येईल. अंदाजाने लावलेले टिचबटण अर्ध्या सुताने जरी चुकले तरी कापडाला झोळ येतो. प्रत्येक छिद्रात तीन-चार टाके घ्यावेत आणि पुढच्या छिद्राकडे जाताना दोरा भागाखालून न्यावा. तान्ह्या बाळाच्या कपड्याला लावताना शेवटी प्रत्येक भाग बोटांनी ओढून पाहावा; निघालेले टिचबटण बाळाच्या तोंडात जाण्यास वेळ लागत नाही.

बटण कशाचे?

आपल्या घरांत खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली जातात. बटणाविषयी मात्र कोणी विचारीत नाही. उंची सदऱ्यांची चमकदार बटणे पुष्कळदा शिंपल्याची असतात, कोटांची कधी कधी शिंगाची वा हाडाची. हे सारे प्राणिज पदार्थ आहेत. त्यांना पर्यायही आहेत आणि ते कमी सुंदर नाहीत: लाकूड, नारळाची करवंटी, धातू, रेझिन, तसेच दक्षिण अमेरिकेतील एका ताडवर्गीय झाडाच्या अत्यंत कठीण बीपासून केलेली बटणे, ज्यांना 'वनस्पतीचे हस्तिदंत' म्हणतात. शिंपल्याचे बटण गालाला लावले असता प्लास्टिकपेक्षा थंड लागते आणि हातात जड वाटते. पण व्यापाऱ्याने केवळ अशा परीक्षेवर विसंबू नये. घाऊक खरेदी करताना बटण कशाचे आहे हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे आणि ग्राहकाने विचारल्यास सांगता यावे.

दर कसा ठरवावा?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बटण कशाचे, हे विचारणाऱ्याने ते कोणी लावले आणि त्याचे तिला काय मिळाले, हेही विचारावयास हवे.

घरी बसून नगावर काम करणारी स्त्री कारखान्याच्या हजेरीपटात नसते. तिची जागा, तिचा दिवा, तिची सुई वापरून ती आपला माल पुरा करते. म्हणजे भाडे, वीज आणि देखरेख हे तिन्ही खर्च आपल्या खात्यातून तिच्या घरात जातात. आपल्या कायद्याला ही स्त्री अपरिचित नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातील कामगाराच्या व्याख्येतच, माल घरी नेऊन तो तयार करून वा पुरा करून देणारी व्यक्ती समाविष्ट होती. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी अहमदाबादेत स्थापन केलेल्या 'सेवा' या संघटनेने अशा स्त्रियांना कामगार म्हणून ओळख मिळावी यासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरबसल्या कामाविषयीचा करार क्रमांक १७७ स्वीकारला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र गृहाधारित कामगाराची स्वतंत्र व्याख्या आहे. तरीही कायदा गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोचत नाही. तेथे गाठोडे घेऊन आपला माणूस पोचतो. म्हणून दराची पहिली जबाबदारी आपल्यावर येते.

यासाठी आमच्या दुकानात एक साधी रीत आहे. आपल्या जिल्ह्यात त्या कामाला लागू असलेले रोजचे किमान वेतन घ्यावे, आठ तासांच्या ४८० मिनिटांनी भागावे आणि एका नगाला सरावलेल्या हाताला लागणाऱ्या मिनिटांनी गुणावे. हिशेबापुरते रोजचे ४८० रुपये धरले तर मिनिटाला एक रुपया होतो. बारा मिनिटांच्या ब्लाऊजला बारा रुपये. वेळ मोजताना सर्वांत चपळ हात मोजू नये, मधला मोजावा. सुईत दोरा ओवणे, नग घडी करणे, गाठोडे आणणे-नेणे हा वेळही धरावा. दोरा आणि हुक दुकानाने द्यावेत. गाठोडे देतानाच नग, दर आणि तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी. आपली वही आपल्याकडे असते, तशी तिची तिच्याकडे असावी.

"एवढा दर दिला तर माल खपेल का?" हा प्रश्न अनेक व्यापारी बंधू मला विचारतात, आणि तो खोटा नाही. त्या वर्षी वडिलांनी पंचाहत्तर पैसे मान्य केले, दोरा दुकानातून देऊ केला. वीस रुपयांच्या ब्लाऊजवर पंचवीस पैसे आणि दोरा एवढा भार वाढला. दोन फेरीवाल्या गिऱ्हाइकांनी आमच्याकडून माल उचलणे बंद केले. ते पुन्हा आले नाहीत. हे नुकसान लपवण्याचे कारण नाही. मात्र हुक निघाला म्हणून परत आलेला ब्लाऊज पुढच्या सराईत एकही नव्हता. दोन्ही गोष्टी मी वहीत मांडल्या आणि मग वडिलांना काही विचारण्याची गरज उरली नाही.

त्या स्त्रियांकडे निरोप घेऊन आजीने मलाच पाठवले होते. मी उंबऱ्याशी उभा राहून चुकलो म्हणून सांगितले. त्या वडीलधाऱ्या बाईंनी माझ्या तर्जनीकडे पाहिले आणि विचारले, "किती वेळ लागला भाऊ?" मी बेचाळीस मिनिटे सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मला पण तेवढीच लागली होती," आणि गाठोडे आत घेतले.

आजी जाऊन बरीच वर्षे झाली. तिचा नियम दुकानात टिकून आहे: ज्याला दर ठरवायचा, त्याने आधी एक नग करावा. मागच्या दिवाळीपूर्वी माझ्या पुतण्याने जाकिटांची नवी मागणी आणली आणि पाच बटणांचा दर सुचवला. मी त्याच्यासमोर एक जाकीट, बटणे आणि आगकाडी ठेवली. त्याने मोबाईलवर वेळ लावली. पाचवे बटण लावून झाल्यावर त्याने घड्याळ पाहिले, वही ओढली आणि स्वतःच लिहिलेला आकडा खोडून त्याच्यापुढे दुसरा लिहिला.